मागून येणाऱ्या बंडीसाठी

बा, काल गाडीचे टायर बदलून आणले. दुकानातल्या पोरानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि भिंतीवर टांगलेला एक टायर काठीनं दाखवून म्हणाला, "काका, हा घ्या, सगळ्या जमिनीवर चालते." मी विचारलं, "सगळ्या म्हणजे कोणत्या?" तो म्हणाला, "सगळ्या म्हणजे सगळ्या." मला हसू आलं. आपल्याकडे एका दिवसाच्या वाटेत लाल मुरूम लागतो, काळी चिकट माती लागते, धानाच्या बांधीतला लोण्यासारखा चिखल लागतो, आणि मार्कंड्याला जायचं तर वैनगंगेची रेती. या चौघांचं आपसात कधी पटलं नाही, आणि हा म्हणतो सगळ्यांवर चालते. मी वाद घातला नाही. टायर खाली काढायला लावला आणि त्याच्या नक्षीवरून हात फिरवत बसलो. पोराला वाटलं, म्हातारा किमतीचा विचार करतोय. मी तुझा विचार करत होतो.

तू गेलास त्याला आता इतका काळ झाला की चांद्याचं चंद्रपूर झालं आणि गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन बसली. पण डोळे मिटले की आपलं अंगण जसंच्या तसं दिसतं. तू वाढई, गावचा सुतार. आसपासच्या गावांतल्या बंड्यांची, बैलगाड्यांची चाकं तुझ्या हातची. चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की अंगणात शेणींचा गोल जाळ पेटतो, धाव लाल होते, तू सांडशीनं ती उचलून लाकडी चाकावर बसवतोस, धूर निघतो, आणि माय घागरीनं पाणी ओतते. चर्रर्र आवाज होतो, लाकूड कुरकुरतं, धाव आवळून बसते. त्या कुरकुरण्यावरून मला कळायचं की चाक बरोबर बसलं की एखादा आरा ढिला राहिला. माझे कान लहानपणापासून तिखट. रस्त्यानं बंडी आली की न बघता सांगायचो कोणाची ती. तू गिऱ्हाइकांना सांगायचास, "माह्या पोट्ट्याले कान आहेत, हात नाईत." हे खरंच होतं. माझ्या हातानं केलेला आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात कधी सरळ बसला नाही. तेव्हा कानावर पोट भरायचं ठरवून मी मोटारींकडे गेलो. आधी गाड्या धुतल्या, मग इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायला लागलो, मग चालवायला लागलो. आणि मालगुजारी गेली, त्याच्या आगेमागे लष्कराच्या लिलावातली एक जुनी गाडी घेऊन दारात उभा राहिलो. पुढं दोघांना बसायला जागा, मागं माल भरायला उघडा डाला. आजकाल अशा गाडीला पिकअप म्हणतात. तेव्हा गावानं तिला 'वाढयाची मोटार' म्हटलं, आणि तुला ते अजिबात आवडलं नाही.

तू गाडीभोवती एक फेरी मारलीस. वाकून चाकाकडे पाहिलंस. "याले आरे कुठी आहेत?"

"आरे नसतात बा याले. आत हवा राह्यते."

"हवा?" तू मायकडे वळलास. "आयकलं का व? मी जलमभर लाकूड तासून राह्यलो, अन् हा हवेवर चालून राह्यला." आणि तू आत निघून गेलास. माय मात्र गाडीला कुंकू लावून, नारळ फोडून, वर डाल्यात चढून बसली आणि म्हणाली, "मले नागभीडले कधी नेतं?"

माझं काम चांगलं चाललं. जंगलाकडच्या गावांच्या आठवडी बाजाराला मीठ, घासलेट, कापड न्यायचं, आणि तिथून हिरडा, डिंक, मोहफुलं घेऊन यायचं. गोंड बाया मिठासाठी वाट पाहायच्या. गाडीचा आवाज आला की पोरं टेकडीवरून ओरडत सुटायची. त्या गावांना जायला वाट एकच होती, आपल्या बांध्यांमधून जाणारी पांदण. उन्हाळ्यात ती दगडासारखी असायची. गाडीला लष्करी टायरच होते, मुठीएवढ्या गट्टूंचे, दोन गट्टूंमध्ये माझी बोटं मावतील एवढी खाच. त्यांच्यावर मी खूश होतो. चिखल असो, चढ असो, गाडी खोकत का होईना, वर यायची. पाऊस पडला, पांदण भिजली, तरी माझा बाजार चुकला नाही. आणि नेमका रोवणा, धानाची लावणी, सुरू झाला.

ती सकाळ मला अजून दिसते. मी आदल्या दिवशी भरल्या गाडीनं पांदणीतून गेलोय आणि आलोय. सकाळी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या भरलेल्या बंड्या निघाल्या आहेत, आणि पहिलीच बंडी पांदणीच्या तोंडाशी कलली आहे. माझ्या गट्टूंनी पांदण अशी उकरून ठेवली होती की बंडीच्या अरुंद चाकाला कुठं बसावं ते कळेना. चाक खाचेत पडे, उडे, पुन्हा पडे. आरे मोडले. तुंबे फाटले. बायांनी पेंढ्या डोक्यावर घेतल्या आणि माझ्या नावानं बोटं मोडत गुडघाभर चिखलातून निघाल्या. सगळ्यांत पुढं आत्याबाई. सारं गाव तिला आत्याबाई म्हणायचं. नवरा गेल्यावर तलावाखालची बांधी तिनं एकटीनं केली होती, आणि तिच्या बैलांवर बोट ठेवायची कोणाची छाती नव्हती. ती मोडकं चाक घरंगळत आपल्या अंगणात घेऊन आली.

"का गा भाऊ," ती तुला म्हणाली, "तुह्या पोट्ट्यानं पांदण नांगरून देल्ली. चिखलभी मस्त केला. आता तिथीच परे लावू का?"

तिच्या मागं बंडीवाल्यांची रांग लागली. दुपारपर्यंत अंगणात मोडक्या चाकांचा ढीग झाला. तू पहिल्यांदा हसलास. दाढी खाजवत मला म्हणालास, "मले वाटे मोटार आली, माहा धंदा बुडाला. तुह्या मोटारीनं तं वाढवला लेका." मीही हसलो. माझं हसणं तुझ्या मनाला लागलं असावं. कारण तू लाकूड तासायचं किकरं खाली ठेवलंस आणि आवाज न चढवता म्हणालास, "हसू नोको. लोकायच्या तोंडाकडे पाहावत नाई मले. तुह्या चाकानं मोडाचं अन् माह्या हातानं जोडाचं, असं काम मले नाई पाहिजे." तू त्या दिवशी जेवला नाहीस. चाकं मात्र सगळी जोडलीस.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव बसलं. पाटील बोलला कमी, आत्याबाई बोलली जास्त. ठरलं असं की गाडीचं चाक जागचं हलवायचं नाही. पांदण मोडणार नाही अशी चाकं मी आणायची, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर भरली गाडी पांदणीतून न्यायची. मागून आत्याबाईची भरली बंडी येईल. बंडी धड गेली तर गाडीला वाट खुली. कलली, तर गाडी विकायची नाहीतर गाव सोडायचं. तिनं तुझ्याकडे बोट केलं. "अन् न्याय तूच कराचा भाऊ. चाकातलं तुलेच समजते. पोट्टा तुहा आहे म्हणून आमी काई म्हननार नाई." बा, तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. माझी गाडी जाईल याची मला धास्ती होती. तुझं काय जाईल ते मला तेव्हा उमगलं. त्या पारावर तुझा शब्द आजवर कोणी तपासून पाहिला नव्हता.

म्हणून तर तू माझ्याबरोबर चांद्याला आलास. गाडी अंगणात बांधलेली, म्हणून नागभीडहून छोट्या रेल्वेनं. तू कोरं धोतर नेसला होतास. नागभीड सुटलं तसं खिडकीतून रुळांकडे बघत म्हणालास, "याची चाकोरी पाह्य. कोनाले काई तकलीप आहे का?"

टायरचं दुकान किल्ल्याच्या वेशीजवळ होतं. शेठ तोंडानं गोड होता. मला बसा म्हणाला आणि नोकराला तेलुगूत सांगितलं की गोदामात मागं पडलेला जुना माल आधी दाखव, हे जंगलातले लोक आहेत. मी सिरोंच्याकडच्या लाकडाच्या खेपांत तेलुगू ऐकून ऐकून शिकलो होतो. त्याच भाषेत म्हणालो, जुना राहू द्या, नवा काढा. शेठनं जीभ चावली आणि चहा मागवला. तू विचारलंस, "का म्हनला तू त्याले?" मी म्हणालो, "चहा सांग म्हनलो." तू खूश झालास.

मग तू टायर तपासायला लागलास, जसं चाक तपासायचास तसं. बोटांनी ठोकलास. हुंगलास. "जळल्यावानी वास येते," म्हणालास. आणि कोणी काही म्हणायच्या आत टायर उभा करून रस्त्यावर सोडलास, सरळ चालतो का ते पाहायला. रस्ता उताराचा. टायर सरळ चालला, फारच सरळ चालला. भाजीवालीची टोपली चुकवून, एका बकरीला उडी मारायला लावून तो लिंबाखालच्या न्हाव्यापर्यंत गेला. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण लावून उठून पळालं, आणि टायर झाडाला टेकून त्याच्या जागी उभा राहिला. शेठ धोतर सावरत पळतोय, मी पळतोय, नोकर पळतोय. तू दुकानात उभा राहून ओरडतोस, "सरळ आहे! हा सरळ आहे!"

टायर परत आणल्यावर तू पाणी मागितलंस. शेठ वैतागला होता. "अरे बाबा, टायर है, पापड़ नहीं है. पानी किसलिए?" तू दुकानापुढच्या मातीवर घागर ओतलीस, पायानं चिखल केलास, आणि तीन तऱ्हेचे टायर अंगाचा भार देऊन त्यावरून फिरवलेस. एक माझ्या जुन्यासारखाच गट्टूचा. एक डांबरी रस्त्याचा, लांब पट्ट्यापट्ट्यांचा. आणि एक मधला, आत बारीक ठोकळ्यांची घट्ट नक्षी आणि कडेला दात. मग उकिडवा बसलास आणि आपलं बोट त्या ठशांतून ओढायला लागलास.

"हे का करून राह्यला बा?"

"हे बोट म्हंजे बंडीचं चाक. तू पुढं गेला. आता मागून येते तिले का भेटते, ते पाहून राह्यलो."

गट्टूच्या ठशात तुझं बोट आपटत, अडकत गेलं. पट्ट्यांच्या ठशात घसरत, सरळ गेलं. तुझा चेहरा उजळला. "हा घे. हेच चाक."

"याच्यानं गाडी चढनार नाई बा. चिखलात नुसती गरगर फिरन."

"फिरू दे. बंडी तं जाईन."

"अन् माहं मीठ?"

आपण त्या चिखलाच्या दोन बाजूंना उकिडवे बसून भांडलो. लोक जमले. न्हावी वस्तरा हातात घेऊन आला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं आणि तुझ्या बाजूनं बोलायला लागलं. शेवटी तू तिसऱ्या ठशातून बोट ओढलंस. बोट थोडं थरथरलं, पण अडलं नाही. तू मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलंस. "हा चढते का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे का?"

"म्हंजे चांगल्या दिवशी चढते."

"हाभी बंडीले चांगल्या दिवशीच जाऊ देईन," तू म्हणालास. "चाल, दोघाईचं अर्धं अर्धं." शेठ म्हणाला, हेच मी सकाळपासून सांगतोय, हा आधा रोड, आधा जंगल. त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं. पण आपण दोघांनी ते त्याला बोलू दिलं.

परतीच्या गाडीत तू टायरांच्या चवडीवर बसलास आणि कोणालाही शेजारी बसू दिलं नाहीस. एकानं विचारलं, "बाबा, ह्यातली कोणती सीट तुमची?" तू म्हणालास, "चारही." नागभीडच्या बाजाराला आत्याबाईची बंडी आली होती. गावाकडं जायला दुसरं काही नव्हतं, म्हणून टायर तिच्याच बंडीत घालून आणले. ती सगळ्या वाटेत बैलांना सांगत होती, "ओढा बाप्पा ओढा, तुमचे वैरी तुमच्याच पाठीवर."

पोळा आला. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या, पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या. कोणीतरी माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात सुरू केलं, आमचा बैल गवत खाते, बसून रवंथ करते, वाढयाची मोटार पांदण खाते, उभी ढेकर देते! हर बोला हर हर महादेव! सगळं गाव हसलं. तू हसला नाहीस. त्या दिवशी तू मला धावड्याच्या लाकडाचे दोन गुटके दिलेस, उतारावर चाकाला लावायला, धरायला मूठ असलेले. "न्याय मी सरळ करीन," तू म्हणालास. "बंडी कलली तं कलली म्हनीन. मंग मले दोष देऊ नोको." तू मला दिलेली ती एकच वस्तू. ते गुटके मी गाडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, पण पांदण चिंब होती. मिठाची पोती आणि वर दगड भरून मी निघालो. मागून आत्याबाईची बंडी, तिच्यामागं गाव. तू चाकांच्या बरोबरीनं, धोतर खोचून, चिखलातून चालत होतास, वाकून ठसे बघत. मला खाली बघायची गरज नव्हती. जुने टायर मातीला फाडत जायचे तेव्हा ढेकळं उडाल्याचा आवाज यायचा. हे मऊ चापट मारत चालले होते. आणि मागून बंडीच्या धावेचा आवाज, एका लयीत, न उडता. पांदण संपली तेव्हा तू हात वर केलास. "बंडी कलली नाई," तू म्हणालास.

पण गाव अजून गप्प होतं. न्याय झाला होता, तरी कोणाचं मन झालं नव्हतं. काय झालंय ते मला त्या गप्पपणात ऐकू आलं. गाडी जिंकली होती, आणि जिंकलेलं कोणाला आवडत नाही. पांदणीपुढं नाला होता. मी गाडी त्यात घातली. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं, मागची चाकं गरगरली, चिखल उडाला आणि गाडी बसली. काठावरून आत्याबाईची किंकाळी, "फसली व माय!"

तसा आनंद त्या गावात कोणाच्या लग्नातही पाहिला नाही मी. म्हातारे टाळ्या वाजवत होते. पण लगेच आवाज बदलला. "अबे उभे का राह्यले? दोर आना! माहे बैल सोडा!" ती स्वतः पदर खोचून नाल्यात उतरली. तिचे बैल पुढं जुंपले, बाकीच्यांनी खांदा लावला, तू सगळ्यांत पुढं. गाडी फुस्स करून बाहेर आली आणि माणसं चिखलात आडवी झाली, हसून हसून. आत्याबाईनं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि पाटलाकडं न बघताच निकाल दिला. "जाऊ द्या पोट्ट्याले. फसन तवा आपन काढू."

त्यानंतर पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी नाल्यावर तिचे बैल उभे असायचे, आणि मी त्यांच्यासाठी गुळाचा खडा न्यायचो. जंगलाकडं मीठ जात राहिलं. पुढं चाकांचं काम कमी झालं तेव्हा तू दुसऱ्यांच्या गाड्यांचे लाकडी डाले बांधायला लागलास आणि म्हणायला लागलास की हवेवर चालणाऱ्यालासुद्धा शेवटी लाकूडच लागते. काल त्या दुकानात मी पाणी मागितलं नाही, पोराला घाबरवायचं कशाला. पण टायर घेतला तो मधलाच.

आता एक राहिलं. त्या गाडीला पुढच्या चाकांनाही इंजिन जोडायचा वेगळा खटका होता. तो ओढला की चारही चाकं जोर लावतात आणि असल्या नाल्यातून गाडी गुणगुणत बाहेर येते. त्या दिवशी माझा हात त्या खटक्यावर होता. काठावरचा गप्पपणा ऐकला आणि मी हात काढून घेतला. तू चाकाशी उभा होतास, पुढची चाकं स्वस्थ आहेत हे तुला दिसलं असणारच, पण तू कधी विचारलं नाहीस. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, आणि नको तेवढं गाळून टाकायचो. हेही मीच वाचलं असतं तुझ्यापुढं. आणि खरं सांगतो बा, 'बंडी कलली नाई' इथंच वाचायचा थांबलो असतो.